उदबत्ती विझली की उठा

सबंध मध्यप्रांतात आमच्या बडेबाबूंइतकी स्वतःची मान, पाठ आणि डोळे जपणारा दुसरा माणूस झाला नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. कुणाला शंका असेल त्याने आमच्या गोंदियाच्या नकाशा कचेरीत एक दिवस बसून पाहायला हवं होतं. इंग्रजी अमदानीतली ती कचेरी. गावोगावचे तलाव आणि धानाची शेतं दाखवणारे जुने नकाशे आम्ही पारदर्शक मेणकापडावर उतरवून काढायचो. आमच्याकडे धानाच्या शेतातल्या एकेका तुकड्याला बांधी म्हणतात. एका गावात अशा शेकडो बांध्या, आणि दोन बांध्यांमधला धुरा, म्हणजे मातीचा बांध, नकाशावर केसाएवढ्या रेघेने दाखवायचा. आम्ही सहाजण दिवसभर मान खाली घालून त्या रेघा ओढायचो आणि सातवे बडेबाबू, आम्ही मान किती खाली घातली आहे ते पाहत फिरायचे. त्यांचं खरं काम आमचे नकाशे तपासून सही करण्याचं होतं, पण ते काम ते फावल्या वेळात उरकतात की काय असं मला वाटायचं.

सकाळी आले की पहिलं काम उदबत्ती लावणं. देवापुढे नाही, टेबलावर, शाईच्या दौतीशेजारी. उदबत्ती विझली की सगळ्यांनी लेखण्या खाली ठेवून उठायचं, अंगणात एक फेरी मारायची, मगच दुसरी उदबत्ती. कचेरीत घड्याळ होतं, पण त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "घड्याळाकडं कोनी पाहत नाई, बाप्पा. वास गेला का नाकाले आपोआप समजते," म्हणायचे. नकला मागायला आलेले खेड्यातले लोक त्या वासाने दारातच वहाणा काढत, आणि एका म्हाताऱ्याने तर बडेबाबूंपुढे नारळ ठेवला. त्यांनी तो फोडून सगळ्यांना वाटला आणि म्हाताऱ्याला कंबर मोकळी करण्याचे दोन प्रकार शिकवून परत पाठवलं.

पिण्याच्या पाण्याचा माठ त्यांनी आतून उचलून अंगणाच्या पार टोकाला चिंचेखाली नेऊन ठेवला होता. शिवाय मोठा लोटा काढून तिथे औषधाच्या मापाएवढी वाटी ठेवली, म्हणजे तहानलेला माणूस चारदा उठेल. बोटांसाठी प्रत्येकाच्या खणात कणकेचा एक गोळा असे. रेघा ओढून बोटं आखडली की तो गोळा मळायचा. संध्याकाळी सुटताना शाईने निळेजांभळे झालेले ते सहा गोळे फाटकाशी उभ्या असलेल्या गाईपुढे जायचे. गाय पहिल्या दिवशी बिचकली, पुढे वेळेआधी येऊन उभी राहायला लागली. डोळ्यांसाठी खिडकी होती. खिडकीबाहेर दूरवर धान आणि धानात बगळे. ते मोजून आकडा सांगितल्याशिवाय पुन्हा लेखणी उचलायची नाही. मी एकदा न पाहताच "सात" म्हणालो. बडेबाबू खिडकीशी गेले, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "सहा. सातवं कोनाचं तरी धोतर वाळून राहिलं."

हे सगळं कचेरीपुरतं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण पाठ ताठ राहावी म्हणून ते सदऱ्याच्या आत एक लाकडी पट्टी घालत, आणि लग्नाच्या पंगतीतही ती काढत नसत. जिलबी वाढणाऱ्याने वाकून आग्रह केला तर ते न वाकता फक्त हात वर करायचे, आणि तो बिचारा मोठे साहेब समजून दुप्पट वाढायचा. बाजारातला शिंपी त्यांना लांबून पाहिलं की यंत्रावरून उठून उभा राहत असे, कारण एकदा त्यांनी भर बाजारात त्याच्या मानेला तेल चोळलं होतं. मी कोटाचं माप द्यायला गेलो तेव्हा त्याने आधी माझ्या मागे कोण आहे ते पाहिलं होतं.

मला या साऱ्याचा राग यायचा, आणि त्याला कारण होतं. मी कचेरीत कच्चा होतो. कायम झालो नव्हतो. तिरोड्याच्या एका मुलीशी माझं लग्न ठरत आलं होतं आणि तिच्या वडिलांनी स्वच्छ सांगितलं होतं, मुलगा कायम झाला की बोलणी पक्की, नाहीतर दुसरं स्थळ तयार आहे. मुलगी मी एकदाच पाहिली होती. तेवढं पुरेसं होतं. नवे साहेब जबलपूरकडून आले आणि त्यांनी फर्मान काढलं की ज्याचे वाटणीचे पंधरा नकाशे महिनाअखेर पुरे होतील त्याचंच नाव नागपूरला जाईल. माझे चार मागे होते. उदबत्ती पाहून साहेबांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "ये क्या तमाशा है?" बडेबाबू म्हणाले, "तमाशा नहीं साब, आँख का इलाज है." साहेब हसले आणि गेले. मला मात्र हसू आलं नाही. मी हिशेब केला की दिवसातल्या फेऱ्या, बगळे आणि कणीक वगळली तर चार नकाशे सहज निघतात.

मग मी फेरीच्या वेळी मेणकापड गुंडाळून मागच्या दप्तरखोलीत जाऊन बसायला लागलो. आठवडाभरात डोळ्यांतून पाणी यायला लागलं, अंगठा दुपारनंतर ऐकेना. बडेबाबूंच्या नजरेतून ते कसलं सुटतंय. एके दिवशी दप्तरखोलीच्या दारात येऊन म्हणाले, "तू उठून नाई राहिला. काऊन?" मी नको तितक्या जोरात बोललो, "तुमचं सगळं झालं आहे. तुम्ही कायम आहात. मला बगळे मोजायला सवड नाही." ते दार ओढून घेऊन गेले. वडिलांच्या वयाच्या माणसाशी असं बोलल्याची मला त्या वेळी लाजसुद्धा वाटली नाही, हे आज सांगताना वाटते.

महिन्याच्या शेवटच्या सकाळी पंधरा नकाशांचा गठ्ठा मी त्यांच्या टेबलावर ठेवला. संध्याकाळच्या गाडीने कागद नागपूरला जाणार होते. मी रजा घेऊन आईला सांगायला कामठ्याला निघून गेलो. नकाशे वेळेवर गेले, माझं नाव गेलं, कायम झाल्याचा कागद आला आणि तिरोड्याहून मुहूर्त ठरल्याचा निरोपही आला. मी इतका खुशीत होतो की एकदा खरंच बगळे मोजले.

लग्नाला पंधरा दिवस उरले असताना तिरोड्याकडची एक बाई कचेरीत आली. आमच्या नकाशाची नकल तिने पदराखालून काढली आणि साहेबांपुढे पसरली. "बाबूजी, माही बांधी जाग्यावर हाये. मी सकाळीच पाहून आली. मंग या कागदावरून कोठं गेली?" शेजाऱ्याने तो कागद दाखवून तिला तिच्याच शेतात नांगर घालायला मनाई केली होती. साहेबांनी जुना नकाशा मागवला. दोन बांध्यांमधला एक धुरा माझ्या नकाशात नव्हता. रेघ राहून गेली होती आणि बाईची बांधी शेजाऱ्याच्या बांधीत बुडाली होती.

साहेबांनी विचारलं, "किसने निकाला है?" मी उठलो. उठलो, तिरोड्याची मुलगी डोळ्यांपुढे आली, आणि मी पुन्हा बसलो. तेवढ्यात बडेबाबू पुढे झाले. "दस्तखत मेरा है साब." साहेब म्हणाले, "मैं पूछ रहा हूँ, निकाला किसने?" बडेबाबू शांतपणे म्हणाले, "निकालने वाले के हाथ से छूटेगा ही. देखने वाला इसीलिए बिठाया है." त्यांनी बाईला पाणी दिलं, स्वतःच्या हाताने तो राहिलेला धुरा आखला, खाली सही केली आणि दुरुस्त नकल तिच्या हाती दिली. त्या साली ते नागपूरच्या मोठ्या कचेरीत मुख्य होऊन जाणार होते. या चुकीपायी ते राहिलं. आम्ही हळहळलो तेव्हा म्हणाले, "तेथच्या खिडकीबाहेर भिंत हाये म्हनतात. म्या काय मोजू तेथं?" पेन्शनीपर्यंत ते त्याच खुर्चीत बसले. माझं लग्न झालं, आणि पंगतीत ते ताठ बसून दुप्पट जिलबी खाऊन गेले.

मी त्यांची माफी मागितली नाही. रोज समोर दिसणाऱ्या माणसाची माफी उद्यावर ढकलणं फार सोपं असतं. ते पेन्शनीत केशोरीला आपल्या गावी गेले आणि मग मला ती गोष्ट टोचायला लागली. तीन वर्षांनी बायकोला घेऊन मी केशोरीला गेलो. बडेबाबू ओसरीवर बसले होते, थोडे वाळले होते, दात गेले होते. बायको त्यांच्या सुनेबरोबर आत गेल्यावर मी एका दमात सांगून टाकलं की मी फेऱ्या चुकवून नकाशे काढले, धुरा माझ्या हातून सुटला आणि माझ्यामुळे तुमचं नागपूर गेलं.

ते म्हणाले, "हे सांगाले येवढ्या लांब कायले आला तू? तुह्या हातचा तो धुरा मले दिसाले पायजे होता. त्या दिवशी म्याच उठलो नाई."

"म्हणजे?"

"पंधरा नकाशे सांजच्या गाडीले जायचे होते. सकाळपासून बसलो तो गठ्ठा बांधूनच उठलो. उदबत्ती लावलीच नाई त्या दिवशी."

मी विचारलं, "का पण?"

"तुहं लगन अडलं होतं ना," ते म्हणाले.

आत माझी बायको त्यांच्या सुनेशी कशावर तरी हसत होती. आम्ही दोघं ओसरीवर बसून तिचा आवाज ऐकत राहिलो.