बाराला मोकळ्या

लालबाईंच्या उजव्या हाताची दोन बोटं बाराही महिने लाल असत. लग्नाच्या पंगतीत शेजारची कुणी विचारायची, "मेंदी रंगली वाटते वं?" त्या म्हणायच्या, "मेंदी नाही. चौथी ब." वाडीच्या आमच्या सकाळच्या शाळेत पोरांनी ठेवलेलं 'लालबाई' हे नाव आम्ही शिक्षिकांनीही उचललं होतं. मी नवी लागले तेव्हा त्यांची वीस वर्षं होऊन गेली होती.

आमची पोरं ट्रकवाल्यांची, गोदामातल्या हमालांची. बोलत तशीच लिहीत. कुणी 'मले' लिहिलं तर लालबाई ते खोडत नसत. शेजारी लाल शाईनं 'मला' लिहून ठेवत आणि दुसऱ्या दिवशी पोराला जवळ घेऊन सांगत, "घरी मले, पेपरात मला. दोन्ही तुझेच." अशा साठ वह्या. मी एकदा म्हटलं, "बाई, सरळ फुली मारून मोकळं व्हावं ना!" त्या म्हणाल्या, "फुली मारायले काय लागते? त्यानं तसं काहून लिहिलं, हे पाहण्यात दुपार जाते."

शाळेच्या संस्थेचे सेक्रेटरी भाऊसाहेब. त्यांचं वाडीतच मोठं गोदाम होतं. एका सभेत ते म्हणाले, "माह्या गोदामातले हमाल बारा-बारा तास पोते उचलतेत, अन् तुम्ही बाराले मोकळ्या! उद्यापासून पाचपर्यंत संस्थेच्या ऑफिसात बसा, कागद लिहा." त्यांनी संमतीचा कागद फिरवला. आम्ही सगळ्यांनी मुकाट्यानं सह्या केल्या. मीही केली, नवी नोकरी होती. लालबाईंनी कागद वाचला आणि तसाच पुढे सरकवला. त्या जूनमध्ये मुख्याध्यापिकेची जागा रिकामी होणार होती. ज्येष्ठतेनं ती त्यांची, पण नेमणूक भाऊसाहेबांच्या हाती.

"बाई, तीन महिने दम धरा," मी म्हटलं.

"वीस वर्षं धरला," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर वह्यांचे दोन गठ्ठे रिक्षात घालून त्या गोदामात गेल्या. मलाही बरोबर नेलं. हमालांच्या समोर गठ्ठे ठेवून म्हणाल्या, "भाऊसाहेब, हे माझं दुपारचं काम. एवढं तुम्ही करा, मी तिकडं कागद लिहिते." एक हमाल तोंड फिरवून हसला. आता मागे हटणं भाऊसाहेबांना शक्य नव्हतं. "त्यात काय मोठं! ठेवा," ते म्हणाले.

सकाळी ते स्वतः गठ्ठे घेऊन शिक्षकांच्या खोलीत हजर. "एका घंट्यात झालं! याले तुम्ही काम म्हणता?"

लालबाईंनी वरची वही उघडून मोठ्यानं वाचली. "माही माय मले सकाळी उठवते. ती गोदामात काम करून राहिली." पानाखाली भाऊसाहेबांची ठसठशीत 'बरोबर'ची खूण होती. त्यांनी दुसरी वही उघडली, तिसरी उघडली. सगळीकडे बरोबर.

"मग? चुकलं काय त्यात?" भाऊसाहेबांनी अगदी मनापासून विचारलं.

आम्ही पदर तोंडाला लावले. लालबाई मात्र हसल्या नाहीत. "तुमच्या-माझ्या हिशेबानं काहीच नाही चुकलं. स्कॉलरशिपचा पेपर पुण्याच्या माणसानं तपासला, तर तो फुली मारन. पोरगं आपल्या मायची भाषा बोलते. त्याले लाज वाटू न देता दुसरी शिकवा लागते. पोतं खाली ठेवलं की हमाल मोकळा, भाऊसाहेब. हे साठ पोट्टे मी कुठं खाली ठेवू?"

भाऊसाहेब लाल झाले आणि निघून गेले. पाचपर्यंत बसायच्या फर्मानाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. सह्या करणाऱ्या आम्हा सगळ्यांना आमच्या दुपारी परत मिळाल्या.

जूनमध्ये मुख्याध्यापिकेच्या जागेवर लालबाईंहून आठ वर्षांनी धाकट्या बाईंची नेमणूक झाली. नोटीस वाचून मी तणतणत लालबाईंना व्हरांड्यात गाठलं. "बाई, ती खुर्ची तुमची होती!"

काखेत वह्या होत्या, घंटा होऊन गेली होती. त्या चालता चालताच म्हणाल्या, "खुर्ची बसणाऱ्याले लागते वं. मले कुठं सवड आहे?"