बल्बावरचा गुलाबी कागद

यंदा आकाशकंदिलाचा कागद बल्बाला लागून करपला आणि त्या वासासरशी मी थेट सौंसरच्या रंगमंचावर जाऊन उभा राहिलो. एका जुन्या अमेरिकन नाटकाचा आम्ही वऱ्हाडी अवतार केला होता. वय आणि दैना लपवायला बल्बावर गुलाबी कागद लावणाऱ्या बाईचं काम तिगावच्या मास्तरीणबाई करत होत्या, आणि तिला छळून वेड्यांच्या इस्पितळात धाडणारा तिच्या बहिणीचा दांडगा नवरा मी! मी झोकात कागद फाडला, हात उगारला, तोच समोरच्या सतरंजीवरून रामाकोन्याची एक मावशी तरातरा वर चढली. "काऊन रे मुडद्या, पोरीले मारून राहिला?" मला ढकलून तिनं बाईंना पदराखाली घेतलं. "चाल माय, माह्या घरी. तिथं तुले कोणी वय नाही विचारत." बाई संवाद विसरल्या, तिच्या खांद्यावर खरंच रडल्या आणि तिचा हात धरून खाली उतरल्या. त्यांना न्यायला आलेला डॉक्टर विंगेतच ताटकळला. आम्ही पडदा पाडला. परवा मावशी बाजारात भेटली, आता पार वाकलेली. मी चिडवलं, "मावशी, नाटक होतं ते!" ती म्हणाली, "मले तवाही मालूम होतं. पण कोणी उठूनच नव्हतं राहिलं ना बापा!"