उमाटे मॅडमचा कोरम

उमाटे मॅडम रागावल्या की आधी उठून पंखा बंद करायच्या. वर्ध्याचा मे महिना, विभागाची बैठक, आणि पंखा बंद! "येऊ द्या घाम," त्या म्हणायच्या, "झोपेत ठराव पास करून राह्यले तुम्ही." मॅडम कॉम्प्युटर शिकवायच्या त्याच इंजिनीअरिंग कॉलेजात मी गणित शिकवायचो, आणि प्रत्येक समारंभाचा माईक माझ्याच हाती असायचा. पण खरं नाटक बघायचं तर मॅडमच्या बैठकीत पुढची खुर्ची धरावी लागे.

त्यांचा सर्वांत मोठा राग निघाला तो कॉलेजच्याच एका प्रकल्पावर. लढाईच्या मुलखात मोबाईलचे टॉवर आधी पडतात. तिथे फोनांनीच एकमेकांना निरोप पोचवायचे, कोणता पूल शाबूत आहे हे आपसात एकमताने ठरवायचं आणि ब्लॉकचेनमध्ये, म्हणजे सगळ्या फोनांनी मिळून ठेवलेल्या एकाच वहीत, पक्कं करायचं. एकदा पक्कं झालं की कोणाच्या बापाला पुसता येणार नाही. ते बघून ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर गाडी काढणार. एक परदेशी मदतसंस्था हे फोन नेणार होती. प्राचार्यांनी थाटात चाचणी घेतली. सगळे फोन एका हॉलमध्ये, एकाच टेबलावर, ओळीने, कुंकू लावून, हार घालून!

मॅडमनी पंखा बंद केला. "पंगतीले बसवले का फोन? लढाईत माणसं पांगतात, सर."

त्यांनी कँटीनमधली गव्हाची स्टीलची कोठी रिकामी करून आणवली. अर्धे फोन आत टाकले. त्यातल्या एकावर ‘पूल शाबूत’ हा निरोप जरा वेळाने आपोआप जाईल असा लावला आणि झाकण घट्ट बसवलं, म्हणजे आतल्या-बाहेरच्या फोनांचा संपर्क तुटला. मग बाहेरच्या एका फोनवरून मला पाठवायला लावलं, ‘पूल तुटला’. झाकण उघडलं तेव्हा कोठीतल्यांनी पूल शाबूत म्हणून पक्का केला होता, बाहेरच्यांनी तुटला म्हणून. दोन्ही कायमचं! मी तर आनंदाने टाळीच वाजवली असती, पण प्राचार्यांचा चेहरा पडला होता.

"आमच्या आंजी गावात कोरम नसला तर ग्रामसभा तहकूब होते," मॅडम कडाडल्या. "तुमचे फोन समोर दिसतीन तेवढ्यातच बहुमत मोजतात. एकूण फोनांपैकी निम्म्याहून जास्त सापडले नाई, तर ‘माहीत नाई’ म्हणाले पायजे त्यायनं."

"‘माहीत नाही’ सांगणारी मशीन कोण घेणार, मॅडम?" प्राचार्य म्हणाले. "संस्थेचे पाहुणे सोमवारी येत आहेत."

"अन् त्या ड्रायव्हरले काऊन नाई विचारत? तुटक्या पुलावर कोण थांबवन त्याले?"

"फारच मनावर घेता बुवा तुम्ही," म्हणून प्राचार्य हसले. ते हसणं आठवलं की माझं डोकं अजून तापतं.

पाहुण्यांपुढे फोन पुन्हा टेबलावर आले, पुन्हा हार चढले. मॅडम उभ्या राहून बोलू लागल्या, तेव्हा "आमच्या मॅडम जरा गमतीदार आहेत" असं इंग्रजीत सांगून प्राचार्यांनी त्यांना खाली बसवलं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला.

निरोप समारंभ त्याच हॉलमध्ये झाला. दाराशी संस्थेकडे जायची फोनांची खोकी बांधून ठेवलेली. प्राचार्यांनी मॅडमचं तोंडभर कौतुक केलं आणि शाल उलगडली. मॅडमनी ती हातानेच अडवली.

"त्या खोक्यात टाका, सर. तिकडं ड्रायव्हरच्या अंगावर टाकाले लागन."

त्या निघून गेल्या. प्राचार्यांनी शालीची घडी घातली. खोकी त्याच संध्याकाळी रवाना झाली.