रबरीबाई

हातमोज्यात फुंकर मारल्याशिवाय तिने तो कधीच हातात घातला नाही. रोज सकाळी तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या, हौदाशी उभी राहून ती एकेक मोजा फुगवायची, त्याचं तोंड पिळून गालाशी धरायची आणि कुठून वारा सुटतो का ते बघायची. आमचेही मोजे ती तशीच तपासायची. म्हणून भंडाऱ्याच्या त्या पितळी भांड्यांच्या कारखान्यात तिचं नाव पडलं रबरीबाई.

ती मूळची दिघोरीची. नवरा बाजारात हमाली करायचा. भांडी तेजाबात बुडवून उजळायचं काम आम्हा बायकांकडे होतं. शेठने आधी कापडी मोजे दिले होते. ते तेजाब पिऊन कातडीलाच चिकटायचे. रबरीबाई ते घेऊन थेट शेठसमोर गेली. "हे चूल पुसाले ठीक आहेत. आमाले रबराचे पाह्यजे, कोपरापर्यंत," म्हणाली, आणि ते येईपर्यंत हौदाकडे फिरकली नाही. तिच्यामागे आम्हीही बसून राहिलो.

रबराचे आले, पण महिन्याभरात आमच्यातल्या सुशीलाचा हात मोज्याच्या आतच भाजला. बायका म्हणाल्या, यापेक्षा उघडा हात बरा, धुता तरी येतो. रबरीबाईने सुशीलाच्या मोज्यात पाणी भरलं. मनगटापाशी बारीक धार लागली. आत काचेच्या बांगडीचा तुकडा होता.

"बांगड्या काढा लागन," ती म्हणाली.

कोणी हलेना. आमच्याकडे बांगडी फुटली असंसुद्धा म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. नवरा जिवंत असताना हात रिकामे करायचे? रबरीबाईने साबणाचा फेस केला आणि स्वतःच्या हिरव्या बांगड्या एकेक करून उतरवल्या. "फोडून नाही राहिली, काढून राहिली. घरी गेली का घालीन."

पुढच्याच आठवड्यात तिच्या नवऱ्याला हिवताप भरला. सासू कारखान्याच्या दारात येऊन ओरडली. मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेले, तर तो कांबळं पांघरून बसला होता. आईला म्हणाला, "मी काय तिच्या बांगड्यायनं जगून राहिलो? भात खाऊन जगून राहिलो. वाढ." त्यानंतर एकेकीने बांगड्या काढायला सुरुवात केली. मीही काढल्या. हात भाजायचे थांबले.

तीनेक वर्षं अशी गेली आणि तिचा नवरा गेला. काविळीने गेला, पण मोहल्ल्यात बोलायचे ते बोललेच.

तेरवी झाल्यावर ती कामावर आली. कपाळ मोकळं, मनगटं मोकळी. आम्ही हौदाशी रांगेत उभ्या होतो, आणि आमच्या सगळ्यांच्या मोज्यांखाली बांगड्या होत्या. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. भीतीने जिने तिने आपापल्या घरी घातल्या होत्या.

मनगटाशी फुगलेलं रबर पाहून तिने एका नजरेत ओळखलं. हौदासमोर आडवी उभी राहिली.

"तो काविळीनं गेला. तुमाले मालूम आहे. काढा."

"तुमचं आता वेगळं आहे, बाई," सुशीला हळूच म्हणाली.

रबरीबाईचा चेहरा पडला. पण ती जागची हलली नाही. "हो, वेगळं आहे. मले आता काही काढाचं नाही. तुमाले आहे. तेजाबाले सवाष्ण कळत नाही."

विधवेने सवाष्णीच्या बांगड्यांना हात लावू नये, हे मला लहानपणापासून शिकवलेलं. मी मोजे काढले आणि दोन्ही हात तिच्यापुढे धरले. "तुम्हीच काढा."

तिने साबण घेतला. माझी बोटं दाबून, एकही न तडकवता तिने बांगड्या उतरवल्या आणि माझ्या पदरात बांधून दिल्या. माझ्यानंतर सुशीला पुढे आली. मग बाकीच्या.

सगळ्यांचे मोजे चढले, भांडी हौदात पडू लागली. तेव्हा रबरीबाईने भिंतीकडे तोंड केलं आणि बराच वेळ वळली नाही.