ढगाचा सपाट माथा

गेल्या शुक्रवारी पांढुर्ण्यात ऊन असं तापलं होतं की विचारू नका. फेब्रुवारी अजून सरायचा आहे आणि ही गत! त्यात दुपारचा तास, सातवीचा वर्ग, आणि मी वातावरणाचे थर शिकवून राहिलो होतो... अर्धी पोरं पेंगत होती, उरलेली पंख्याकडे बघत होती.

मी आपला घसा कोरडा करत होतो. खालचा थर तपांबर. ऊन जमिनीला तापवतं, जमीन हवेला तापवते, म्हणून जेवढं वर जाल तेवढं थंड... किलोमीटरमागे साधारण साडेसहा अंश कमी.

दहा-बारा किलोमीटरवर उणे पन्नास म्हटल्यावर मात्र पेंगणारी पोरं जागी झाली. "सर, आपल्याच डोक्यावर?" हो बाबांनो, आपल्याच डोक्यावर. इथून सौसर जेवढं लांब आहे, त्याच्याही अलीकडे.

मग स्थितांबरावर आलो. तिथं ओझोन उन्हातले अतिनील किरण शोषतो, म्हणून वर जाल तशी हवा पुन्हा गरम होत जाते. "असं उलटं काऊन, सर?" असं एकीनं विचारलं आणि तेवढ्यात खिडकीजवळची दुसरी म्हणाली, सर, ढग पाहा.

मी सगळा वर्गच व्हरांड्यात काढला. पूर्वेला फुलकोबीसारखा ढग फुगत फुगत वर गेला होता आणि त्याचा माथा एकदम सपाट... लोहाराच्या ऐरणीसारखा. मी इतका खुश झालो की काय सांगू! इतकी वर्षं फळ्यावर खडूनं काढतोय ते चित्र, आज आभाळानंच काढून दाखवलं होतं.

"ती सपाट रेघ दिसते ना? तिथं तपांबर संपलं. वरची हवा गरम आहे, म्हणून ढगाला पुढं चढता येत नाही... बिचारा आडवा पसरतो." पोरं आ वासून बघत होती. मग कोणीतरी विचारलं, सर, तो ढग कोणत्या गावावर आहे?

पूर्वेला सौसर. सौसरच्या पुढं लोधीखेडा... मी खिशातून मोबाईल काढला.

लोधीखेड्याजवळ आमचा संत्र्याचा बगीचा आहे. दादा गेल्यापासून वहिनी एकटीच सांभाळते. पुतण्या नागपूरला नोकरीत. त्याचं कधीपासून चालू होतं की आई, झाडं काढून टाकू, ना मजूर मिळत ना विहिरीचं पाणी पुरत. दिवाळीत सगळे बसलो आणि ठरलं... हा एक मृग बहार, पावसाळ्यात धरलेला आणि फेब्रुवारीत तोडायचा, तेवढा पाहायचा. साधला तर झाडं राहतील, नाही तर ती उपटायला मशीन लावायची.

वहिनीनं त्या बहारासाठी जीव टाकला. फळ असं लदबदलं की फांद्यांना बांबूंचे टेकू द्यावे लागले. रंगही चढला. व्यापारी बुधवारीच म्हणाला, उद्यापासून तोडा करा.

पण आमच्याकडे तोड्याआधी पहिली टोपली जामसांवलीच्या मारुतीला जाते, आणि तीही शनिवारीच. दादानं हे कधी मोडलं नाही, मग वहिनी त्याच्या मागं कशी मोडणार? "दोन दिवसांनं काय होते, भाऊजी?" मीही म्हटलं, काही नाही होत. दोन दिवसांनी काय होणार होतं!

फोन वाजला तो वहिनीचाच. मागं टिनावर नुसता धडधडाट. "भाऊजी, गारा पडून राहिल्या... तवा उलटा करून फेकला अंगनात, तरी थांबूनच नाही राहिल्या, बाप्पा!" आणि फोन कटला.

हेडमास्तरांना सांगून गाडी काढली. सौसरपर्यंत रस्ता कोरडा, डोक्यावर तेच ऊन... मला वाटलं, आपल्याकडे थोडक्यात निभावलं असेल. पुढं गेलो तशी अंगाला थंडी वाजायला लागली.

बगीच्यात झाडांखाली गारा आणि संत्री एकात एक मिसळली होती. पानं झडून चिखलात. वहिनी बांधावर बसून होती, पदर ओला, डोळे कोरडे.

मी एक गार उचलून फोडली. आत पापुद्रे... पांढरा, काचेसारखा, पुन्हा पांढरा. खालची तापलेली हवा थेंबाला वर फेकते, तो गोठतो, खाली येऊ लागला की पुन्हा वर फेकला जातो, आणि दर खेपेला बर्फ चढत जातो. सगळं पाठ आहे मला! काय करायचं त्या पाठ असण्याचं? कोणत्या ढगातून, कोणाच्या बगीच्यावर, कोणत्या दिवशी... हे मला कुठं सांगता आलं? मी तिथंच उभ्या उभ्या रडलो.

शनिवारी पुतण्या आला. आम्ही तिघं बगीचाभर फिरलो. जी फळं झाडावर टिकली होती तीही ठेचाळलेली. व्यापारी फोन उचलत नव्हता. दिवाळीत ठरलेलं कोणीच तोंडातून काढेना.

शेवटी वहिनीनंच मोबाईल उचलला आणि मशीनवाल्याला लावला. "हो, झाडं काढाची आहेत. सोमवारी या. विहिरीकून सुरू करा, तिकडची जुनी आहेत." आवाज जरासुद्धा हलला नाही. फोन ठेवला आणि मला म्हणाली, "भाऊजी, जेवून जासान ना?"

मी जेवलो.

सोमवारी मशीन येऊन गेली. या सगळ्यात वहिनीनं मला एकदाही विचारलं नाही की भाऊजी, तुम्ही तर पोरांना हेच शिकवता, मग गुरुवारीच तोडा करा असं काऊन नाही म्हटलं? तिनं विचारलं नाही, एवढे तिचे उपकार... बाकी देवाचे मानावेत असं सध्या काही सुचत नाही.