दत्ताच्या रानातली मेंढरांची वाट

चाकणजवळच्या दत्ताने माझ्या बापाला, आबांना, शब्द देऊन फसवलं. तो शब्द मी मध्ये पडून घेतला होता, म्हणून आग जास्त.

आम्ही पारनेरकडचे मेंढपाळ. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं, पावसाच्या आधी परतायचं. जाता-येता दत्ताच्या रानात दोन-दोन दिवस मुक्काम ठरलेला. मेंढरं बसली की रानाला खत मिळायचं, दत्ताची आई आम्हाला ज्वारी द्यायची. अठरा वर्षांचा असताना तिथूनच मी वेगळा झालो. लोक घर सोडून जातात. मी बांधावर उभा होतो आणि घरच निघालं. घोड्यावर बिऱ्हाड, त्यावर कोंबड्या, आईच्या ओच्यात कालच जन्मलेलं कोकरू. आबा मागं न बघता म्हणाले, "ऱ्हा बाबा. येताना हितंच गाठ पडंल."

आणि पडत गेली. कंपनीत हेल्पर, मग वेल्डर, आता पत्र्याच्या शेडची स्वतःची कामं. रहाटणीत फ्लॅट आहे. आई एकदाच आली. सगळ्या खोल्या फिरून म्हणाली, "ब्येस हाय. पर चूल कुठं मांडायची?" तिच्या हातची भाकरी मी वर्षातून चारच दिवस खातो, दत्ताच्या रानात.

त्या रानात गोदाम बांधून एका कंपनीला भाड्याने द्यायचं दत्ताने ठरवलं, तेव्हा शेडचं काम मी कमी दरात घेतलं, एका अटीवर. कडेने मेंढरांना वाट आणि कोपऱ्यात मुक्कामापुरती जागा सोडायची. दत्ता हसला. "भावा, आबांची वाट मी अडवीन व्हय?" लेखी ऑर्डरशिवाय नट-बोल्टही न देणारा मी, इथं कागद मागितला नाही. आबा म्हणाले होते, "आपली मेंढरं बसत्यात त्याच्या रानात. कागद कशाला?"

यंदा कळप आला, तर वाटेवर माझं काम संपल्यावर उठलेली भिंत. पुढची म्हातारी मेंढी भिंतीला नाक लावून थांबली, तिच्या मागं सगळी थांबली. हुसकून हलेनात. वॉचमन ओरडला, "भाई, हटाओ इनको!" मी त्याच्या अंगावर धावून गेलो. आबांनी माझा दंड धरला. "त्याचं काय चुकलं?" मग ट्रकांच्या कडेकडेने कळप तळेगावच्या रस्त्याला लावला. मुक्काम झालाच नाही. आईने चालता चालता फडक्यातली शिळी भाकरी माझ्या हातात दिली आणि पुढे गेली.

दत्ताला फोन केला, तर म्हणतो, "कंपनीवाल्यांनी भिंत घातली राव. माझ्या हातात काय हाय?"

दत्ता, शब्द कंपनीने दिला नव्हता. पावसाच्या आधी कळप परत येईल. ती मेंढी पुन्हा त्याच भिंतीला नाक लावील. तेव्हा फोनवर बोलू नकोस. तिथं येऊन उभा राहा आणि आबांच्या तोंडावर सांग, माझ्या आईनं चूल कुठं मांडायची?