खराडीत मॉरिस नाच

कंपनीने मला दोन वर्षं इंग्लंडला पाठवलं आणि मी तिथून कॉन्सर्टिना घेऊन परत आलो. कॉन्सर्टिना म्हणजे दोन हातांत मावणारी, भात्याची सहाकोनी पेटी. बटण तेच, पण भाता दाबला की एक सूर आणि ओढला की दुसरा. तिच्यावर मी मॉरिस नाचाच्या चाली शिकलो. या नाचात ढेरपोटे इंग्रज पायांना घुंगरं बांधून, रुमाल उडवत, काठीवर काठी आपटत पबसमोर उड्या मारतात. भर थंडीत ते बघताना माझे डोळे भरून आले होते.

परत आल्यावर एका रविवारी खराडीच्या फ्लॅटवर ऑफिसातली मंडळी जेवायला आली. मी त्यांना सोडतोय होय! आमटी निवत होती आणि मी लोकपरंपरा, मातीशी नाळ, पावलांचा ठेका यांवर अर्धा तास बोललो. मग एक चाल वाजवली आणि म्हणालो, "बघा, शेकडो वर्षं जपलंय त्यांनी हे. आपल्या लोकांना कशाची किंमतच नाही." मंडळींनी उपाशीपोटी माना डोलावल्या.

कोपऱ्यात वडील पेपर वाचत बसले होते. पेपर खाली न घेता ते म्हणाले, "शाळेत लेझमीचा तास असला की दर शनिवारी तुझ्या पोटात दुखायचं. बाईंना चिठ्ठी मीच लिहून द्यायचो. आता बरं आहे ना पोट?"